फलाटबाईंची कवळी

अक्कांनी नोकरी सोडायचं ठरवलं, त्याला तसं काही मोठं कारण घडलं नव्हतं. कुणी टाकून बोललं नव्हतं, कुणाशी वाजलं नव्हतं. एका सोमवारी दुपारी त्या कवळी घासत होत्या आणि त्यांना जांभई आली. चांगली लांबलचक, डोळ्यांत पाणी आणणारी. जांभई संपली तेव्हा कवळीही घासून संपली होती. अक्कांनी ती उजेडात धरून पाहिली. कुठे ओरखडा नाही, कुठे खडबडीत नाही. हातांनी आपलं आपण काम उरकून टाकलं होतं, अक्कांना विचारलंसुद्धा नव्हतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी मालकांना सांगितलं, "पुढच्या महिन्यापासून मी येणार नाही."

मालक वयानं त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. कवळ्या बनवायची ही लॅब त्यांच्या वडिलांनी काढलेली, आणि तिथे सगळ्यात जुन्या अक्काच, म्हणून तेही त्यांना अक्काच म्हणत. त्यांनी हातातलं प्लास्टरचं भांडं खाली ठेवलं. "काही चुकलं का आमचं?"

"नाही हो. कंटाळा आला."

"निदान महिनाभर थांबा," मालक म्हणाले. "नवीन माणूस मिळेपर्यंत."

महिनाभर थांबायला अक्कांची ना नव्हती. पुढचं सगळं ठरलेलंच होतं. त्यांच्या धाकट्या बहिणीचं पडद्यांचं दुकान होतं आणि ती वर्षभर मागे लागली होती. "अक्का, तू माझ्याकडे ये. माणसं भेटतील, गप्पा होतील, रंग बघायला मिळतील. तिथे काय, बिनओठांचे दात बघत बसतेस दिवसभर."

बोलणं लागलं, पण खोटं नव्हतं. लॅब होती औषधांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. तीन टेबलं, एक खिडकी, सगळीकडे प्लास्टरचा पांढरा भुगा. गावातले डॉक्टर पुठ्ठ्याच्या खोक्यांतून जबड्यांचे साचे पाठवायचे. खोक्यावर नंबर असायचा. अक्का साच्यावर मेण चढवायच्या, मेणात दात बसवायच्या, मग मेणाच्या जागी गुलाबी ॲक्रेलिक भरून ते गरम पाण्यात शिजवायचं, घासायचं, चकचकीत करायचं, आणि खोकं परत. बावीस वर्षांत हजारो माणसं अक्कांच्या दातांनी जेवली असतील. त्यांतलं एकही माणूस अक्कांनी पाहिलं नव्हतं.

नोटीस दिल्यावर आठवड्याभरानं चारशे अठरा नंबरचं खोकं परत आलं. तिसऱ्यांदा.

वरची पूर्ण कवळी होती. पहिल्यांदा परत आली तेव्हा चिठ्ठीत लिहिलं होतं, "बोलताना अडचण." अक्कांनी मागची कड थोडी घासून दिली. दुसऱ्यांदा तेच. या वेळी डॉक्टरांनी जरा सविस्तर लिहिलं होतं. "सैल नाही. टोचत नाही. जेवता येतं. रुग्ण म्हणतात, बोलता येत नाही. कृपया बघावे."

"काही लोकांना तक्रार केल्याशिवाय अन्न गोड लागत नाही," मालक म्हणाले. "दोन दिवस ठेवा आणि तशीच पाठवून द्या. सवय होईल त्यांना."

अक्कांनी कवळी साच्यावर बसवून पाहिली. टाचणी शिरायला जागा नाही इतकी नेमकी. दात सरळ, एका ओळीत, मोत्यांसारखे. कुठल्याही परीक्षेत पहिला नंबर काढला असता असं काम. आणि हे काम घेऊन कुणी बोलू शकत नाही म्हणतं. अक्कांना पहिल्यांदा राग आला. मग रागाच्या मागोमाग एक वेगळीच चुळबूळ सुरू झाली. बोलता येत नाही म्हणजे नेमकं काय येत नाही?

"मी जाऊन बघू का?" त्यांनी विचारलं.

"काय बघणार?"

"तोंड."

मालकांनी चष्म्यावरून पाहिलं. बावीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं, त्यांच्या वडिलांच्या वेळीही नाही. पण जाणाऱ्या माणसाला नाही कशाला म्हणा. "बघा बाई," ते म्हणाले. "मी डॉक्टरांना फोन करतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का दवाखान्यात पोचल्या तेव्हा खुर्चीवर एक पंचावन्न-छप्पन्नची बाई बसली होती. नीट विंचरलेले केस, इस्त्रीचे कपडे आणि तोंडावर घट्ट धरलेला रुमाल. डॉक्टरांनी ओळख करून दिली, "या लॅबमधून आल्यात. तुमची कवळी यांनी केली." बाईंनी मान हलवली, रुमाल काढला नाही.

"काय त्रास होतो ते सांगाल का?" अक्कांनी विचारलं.

बाईंनी कवळी तोंडात बसवली, रुमाल बाजूला केला आणि सावकाश म्हणाल्या, "शकाली शात वाजता शुटनारी बश, वलाट क्रमांक शहा."

शब्दांची पार वाट लागली होती, पण त्यांच्या खालचा आवाज ऐकून अक्का उडाल्याच. तो आवाज गावात कोण ओळखत नव्हतं? "तुम्ही फलाटबाई," त्या म्हणाल्या.

एकोणीस वर्षं बसस्टँडच्या कर्ण्यातून हा आवाज येत होता. कुठली बस, कुठला फलाट, किती वाजता. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, सगळं गाव फलाटबाईच म्हणायचं. अक्कांची लेक शाळेत असताना धावत बस पकडायची ती याच आवाजावर. आणि आता अक्कांच्या लक्षात आलं, की गेले दोन महिने स्टँडवर कुठलंसं यंत्र बोलतंय, आणि आपण ते ऐकूनही कधी विचार केला नाही की बाई गेल्या कुठे.

बाईंनी कवळी काढून वाटीत ठेवली. बिनदातांचं का होईना, कवळीशिवाय बोलणं त्यांना सोपं जात होतं. हिरड्यांचा आजार, वरचे सगळे दात काढावे लागले. रजा घेतली. आता रजा संपायला सोळा दिवस उरले होते. स्टँडप्रमुख माणूस वाईट नव्हता, पण त्यानं स्पष्ट सांगितलं होतं. रजा संपली की एकदा माईकवर बोलून दाखवा. जमलं तर ठीक, नाहीतर यंत्र कायम आणि बाई हरवलेल्या सामानाच्या खोलीत.

"छत्र्यांवर नंबर चिकटवत बसायचं," फलाटबाई म्हणाल्या. "तिथे बोलायला कुणी नसतं."

अक्कांना काहीतरी म्हणायचं होतं, पण डोकं भलतीकडेच धावत होतं. लॅबमध्ये दात एकमेकांवर कुठे आपटतात ते बघायला त्या निळा कागद वापरायच्या. चावलं की निळा ठिपका उठतो. दात चावतात ते दिसतं, तर जीभ लागते ते का दिसू नये?

"डॉक्टर, हातमोज्यांना लावायची पावडर आहे?"

पावडर होती. अक्कांनी कवळी कोरडी केली, टाळूच्या बाजूला पावडरचा पातळ थर फुंकला आणि ती बाईंच्या तोंडात अलगद बसवली. "फक्त एक अक्षर म्हणा. ळ. आणि तोंड लगेच उघडा."

बाई म्हणाल्या. अक्कांनी कवळी काढून दिव्याखाली धरली. पांढऱ्या थरात मधोमध एक ओली, गुलाबी जागा उमटली होती, जीभ जिथे टेकली होती तिथे. आणि नेमकी तिथेच कवळी सगळ्यात जाड होती. जीभ ळ म्हणायला वर वळत होती आणि वाटेतच भिंतीला धडकत होती.

"आता ण म्हणा." पुन्हा पुसणं, पुन्हा पावडर. "आता स. आता च, चमच्यातला. आता च, चिमटीतला."

डॉक्टरांचे बाहेर दोन रुग्ण खोळंबले होते, तरी तेही वाकून बघू लागले. प्रत्येक अक्षराचा ठसा वेगळा. अक्का चिठ्ठ्यांच्या पाठीवर पेन्सिलीनं एकेक ठसा काढून घेत होत्या. जांभई कधी आली होती ते त्यांना आठवतही नव्हतं.

बावीस वर्षं अक्का कवळ्यांची पुढची बाजू सजवत आल्या होत्या. मागची, टाळूची बाजू म्हणजे नुसती घासायची आणि चमकवायची. तिथे एक माणूस राहतो, त्याची जीभ तिथे दिवसभर ये-जा करते, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

त्या दिवशी घरी जाताना त्यांनी लॅबमधून साचा घ्यायचं सामान उचललं.

अक्कांचे यजमान भूगोलाचे मास्तर होते. घरात त्यांना सगळे मास्तरच म्हणत, अक्कासुद्धा. ते जेवणाच्या टेबलावर पेपर तपासत बसले होते. कॉलेजातली लेक चिमणी, नावाला चिमणी पण आवाज सगळ्या मजल्यावर ऐकू जाणारा, फोनवर बोलत होती.

"मास्तर, तोंड उघडा," अक्का म्हणाल्या.

"कशाला?"

"तुमचा ळ बघायचाय."

मास्तरांनी तीस वर्षांच्या संसारात बरंच काही ऐकलं होतं, हे नवीन होतं. पण बायकोच्या डोळ्यांतली चमक बघून त्यांनी मुकाट्यानं तोंड उघडलं. अक्कांनी त्यांच्या टाळूचा साचा घेतला, मग चिमणीच्या, मग आरशात बघून स्वतःच्या. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तिघांच्या टाळूला बसतील अशा पातळ तबकड्या केल्या, आणि संध्याकाळी तिघं टेबलाभोवती बसून गव्हाच्या पिठात माखलेल्या तबकड्या तोंडात घालून अक्षरं म्हणू लागले.

"श," चिमणी म्हणाली आणि तिला हसू फुटलं. पीठ टेबलभर उडालं, मास्तरांच्या पेपरांवरही.

"अगं, एका पोराचं उत्तर पुसलं गेलं ना," मास्तर म्हणाले. "वाळवंट होतं, आता बर्फ पडला." पण त्यांनी स्वतःची तबकडी काढून उजेडात धरली. मग भिंगच घेऊन आले. "हा तर चक्क नकाशा आहे. ही बघ दरी. स म्हणताना दोन्ही कडांना जीभ टेकते आणि मधून वारा जातो. तुझ्या कवळीत ही दरी आहे का?"

"नाही," अक्का म्हणाल्या. "माझ्या कवळीत नुसतं पठार आहे."

"आणि या पुढच्या वळ्या? दातांच्या मागे, रेघारेघांच्या?"

अक्कांनी जीभ आपल्याच टाळूवर फिरवली. खरंच, दातांच्या मागे बारीक बारीक वळ्या होत्या, जीभ त्यांच्यावर चाचपडत पुढचं अक्षर शोधत होती. आणि अक्का मात्र तो भाग काचेसारखा गुळगुळीत करून द्यायच्या. अंधारात जिन्याचा कठडाच काढून टाकावा, तसं.

त्या रात्री चिमणीनं मावशीला फोन करून सांगितलं, "आईला काहीतरी झालंय. जेवताना सुद्धा ण म्हणत होती."

मालकांना पटवायला मात्र वेळ लागला. अक्कांना बाईंना लॅबमध्येच बसवायचं होतं. मेणाच्या कवळीवर काम करायचं, बाईंनी बोलायचं आणि अक्कांनी तिथल्या तिथे मेण खरवडायचं किंवा भरायचं.

"अक्का, इथे रुग्ण येत नाहीत," मालक म्हणाले. "खुर्ची कुठे आहे?"

"माझी देते. मी उभी राहीन."

"आणि एकाच खोक्याला किती दिवस देणार?"

"जेवढे लागतील तेवढे. बाकीची खोकी मी सकाळी लवकर येऊन काढते. एक जरी मागे राहिलं तर मला सांगा."

बाकीची खोकी खरंच मागे राहिली नाहीत. सकाळी सातला येऊन अक्का नेहमीचं काम हातावेगळं करायच्या आणि अकराला फलाटबाई जिना चढून यायच्या. सोबत बसचं वेळापत्रक आणायच्या. मेणाची कवळी तोंडात, हातात वेळापत्रक, आणि समोर बारीक सुरी घेतलेल्या अक्का. बाई एक ओळ वाचायच्या, अक्का म्हणायच्या, "थांबा," आणि नखाच्या पापुद्र्याएवढं मेण काढायच्या. पुन्हा ओळ. पुन्हा, "थांबा."

पाचव्या दिवशी फलाटबाई वाचत होत्या, "शकाळी..." आणि थबकल्या. त्यांनी पुन्हा म्हटलं. "शकाळी. वेळ. फळ. काळा." मग भराभर, "पाणी, दाणे, ठिकाण, शुटणारी." त्यांचे डोळे भरून आले. ळ परत आला होता, ण परत आला होता. अक्कांनी सुरी खाली ठेवली आणि हात पाठीमागे बांधून घेतले, कारण बाईंना मिठी मारली असती तर मेण मोडलं असतं.

फलाटसुद्धा आता वलाट राहिला नव्हता. पुढचे दात अर्ध्या गव्हाएवढे जास्त लांब होते, खालच्या ओठात रुतत होते. तेवढे आखूड केल्यावर फ मोकळा झाला.

राहिला तो स. काही केल्या जमेना. दरी खोल केली तर शिट्टी वाजायची, उथळ केली तर श व्हायचा. आणि वेळापत्रक बघावं तर सगळं स नं भरलेलं. सकाळ, संध्याकाळ, सहा, सात, साडेसात, बस, प्रवासी. चार दिवस उरले होते. अक्कांनी सात वेळा मेण बदललं. आठव्या वेळी शिट्टी इतकी सणसणीत वाजली की खालच्या औषधवाल्यानं वर बघितलं.

"तुमचे आधीचे दात कसे होते?" अक्कांनी विचारलं.

"होते आपले," फलाटबाई म्हणाल्या आणि वेळापत्रकाची घडी घालू लागल्या.

"एखादा फोटो आहे का? हसतानाचा?"

"मी फोटोत हसत नाही."

अक्कांनी जास्त ताणलं नाही. पण बाई गेल्यावर त्यांना वाटत राहिलं, की पन्नास वर्षं या जिभेनं कुठल्यातरी वेगळ्याच घरात स म्हटलाय, आणि त्या घराचा पत्ता मिळाल्याशिवाय हे सुटायचं नाही. मग त्यांना आठवलं. दात काढण्याआधी डॉक्टर एक साचा घेतात. जुने साचे कुठे जातात? लॅबच्याच माळ्यावर, पोत्यांत. फेकायला वेळ नसतो म्हणून पडून असतात.

त्यांनी पदर खोचला आणि शिडी लावली. मालक खालून म्हणाले, "अक्का, पडाल." अक्का ऐकण्याच्या पलीकडे होत्या. तीन पोती उपसल्यावर, केसांत, भुवयांत प्लास्टर, त्यांच्या हाताला चारशे अठरा लागला. त्यांनी बोटानं धूळ पुसली. पुढच्या दोन दातांमध्ये फट होती. तांदळाचा दाणा आडवा बसेल एवढी.

अक्का शिडीवरच बसल्या आणि हसू लागल्या. त्यांनी मोत्यांची सरळ ओळ लावून दिली होती, एक फट नाही की वाकडेपणा नाही. बाईंचा स बिचारा रोजच्या दारानं बाहेर पडायला जात होता आणि दार बुजवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साचा फलाटबाईंपुढे ठेवला. बाईंचा चेहरा उतरला.

"शाळेत मला खिडकी म्हणायचे," त्या म्हणाल्या. "लग्नात मी ओठ मिटून बसले होते. माईकची नोकरी का घेतली, सांगू? तिथे तोंड दिसत नाही. दात काढायचे ठरले तेव्हा सगळे हळहळले, मला मनातून बरं वाटलं. म्हटलं आता तरी सरळ दात मिळतील. मीच डॉक्टरांना सांगितलं होतं, फट नको. आणि आता तुम्ही म्हणता ती परत बसवू?"

"तुम्ही म्हणाल तसं," अक्का म्हणाल्या. "दात तुमचे आहेत. मी दोन केल्यात. एक सरळ, एक फटीची. आरसा नको, नुसतं बोलून बघा. आवडलं नाही तर फटीची मी वितळवते, तुमच्यासमोर."

फलाटबाईंनी वेळापत्रक मांडीवर ठेवलं. मग त्यांनी हात पुढे केला. अक्कांनी फटीची मेणाची कवळी त्यांच्या हातात ठेवली. बाईंनी ती बसवली, डोळे मिटले आणि कुणी समोर नसल्यासारखं म्हणाल्या, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. सकाळी साडेसात वाजता सुटणारी बस फलाट क्रमांक सात वर उभी आहे."

पलीकडच्या टेबलावर मालक साच्यात प्लास्टर ओतत होते. त्यांनी ते तसंच हातात धरून घड्याळाकडे पाहिलं आणि दाराकडे अर्धं पाऊल टाकलं. कॉलेजची चार वर्षं ते सात नंबरवरूनच बस पकडत आले होते. मग भानावर येऊन त्यांनी अक्कांकडे पाहिलं, अक्कांनी त्यांच्याकडे. प्लास्टर भांड्यातच घट्ट झालं.

फलाटबाईंनी डोळे उघडले. "परत म्हणू?" त्यांनी विचारलं.

"म्हणा की."

त्या दिवशी त्यांनी सबंध वेळापत्रक म्हटलं, सकाळपासून शेवटच्या बसपर्यंत. मालकांनी खुर्ची ओढली आणि ऐकत बसले. शेवटी बाई म्हणाल्या, "हीच करा." मग थोडं थांबून, "पण फट जरा लहान चालेल का? एखाद्या केसाएवढी कमी?" अक्का म्हणाल्या, "बघू," आणि दोघींनी मिळून बघितलं. तेवढी कमी चालली.

रजा संपली तो गुरुवार होता. अक्कांनी कवळी आदल्या दिवशी शिजवून, घासून तयार केली होती. पुढची बाजू चकचकीत, दोन दातांमध्ये केसाएवढी कमी केलेली फट, मागे मात्र वळ्या आणि दरी. घासताना या वेळी प्रत्येक मिनिटाला अक्कांचं मन तिथेच होतं.

स्टँडवर अक्का गेल्या, मास्तरही शाळेला उशीर होईल म्हणत म्हणत आलेच, आणि लॅबला कधी कुलूप न लावणारे मालक कुलूप लावून आले. माईकची खोली काचेची होती. आत फलाटबाई, त्यांच्या मागे हाताची घडी घालून स्टँडप्रमुख. यंत्र बंद केलं गेलं. बाहेर नेहमीसारखी गर्दी, पिशव्या, रांगा, चालू इंजिनांचा धूर. अक्कांचं तोंड कोरडं पडलं होतं. कवळी आयत्या वेळी सुटली तर? घाबरल्यावर तोंड सुकतं, सुकलं की कवळी धरत नाही, हे आपण सांगितलं होतं का बाईंना? त्यांनी काचेवर टकटक करून पाण्याची खूण केली. फलाटबाईंनी पेला उचलून दाखवला आणि एक घोट घेतला.

कर्णा खरखरला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे," आवाज आला, सगळ्या स्टँडवर, खणखणीत. "सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी सुटणारी बस फलाट क्रमांक सहा ऐवजी फलाट क्रमांक सात वर लागत आहे. प्रवाशांनी सामान सांभाळून चढावे."

क्षणभर काहीच झालं नाही. म्हणजे झालं ते एवढंच, की सहा नंबरची सगळी रांग पिशव्या उचलून सात नंबरकडे चालू लागली. कुणी कुणाला विचारलं नाही, काय म्हणाल्या, कुठला फलाट. यंत्र बोलायचं तेव्हा निम्मी माणसं चौकशीच्या खिडकीकडे धावायची. स्टँडप्रमुखानं ते पाहिलं. मग चार नंबरवरच्या एका ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून वर कर्ण्याकडे बघितलं, आणि हॉर्न दाबला. त्याच्या शेजारच्यानं दाबला. तिसऱ्यानं दाबला. फलाटबाई काचेमागे हसत होत्या, तोंड उघडं टाकून, आणि हात तोंडाकडे गेलाच नाही.

यंत्र पुरतं गेलं नाही. स्टँडप्रमुखानं ते संध्याकाळनंतरच्या बसना ठेवलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत माईक बाईंचा. फलाटबाईंना ते चाललं. म्हणाल्या, "घसा बसत चालला होताच माझा."

अक्का तिथूनच थेट धाकटीच्या दुकानात गेल्या. धाकटी एका गिऱ्हाइकाला निळा पडदा उलगडून दाखवत होती. बहिणीच्या केसांतलं प्लास्टर बघून तिला काय ते कळलं.

"येत नाहीस ना तू?" ती म्हणाली.

"नाही गं."

"मग मी माणूस बघू दुसरं?"

"बघ. आणि रागावू नकोस. तू म्हणालीस ते खरंच होतं, मला माणसं बघायला हवी होती."

धाकटी रागावली, पण दोन दिवसच. मालकांशी बोलणं मात्र जरा लांबलं. अक्कांनी नोटीस मागे घेतली आणि त्याच वाक्यात एक खुर्ची मागितली. मंगळवार आणि शुक्रवार, ज्यांच्या कवळ्या परत येतात त्या माणसांनी स्वतः यायचं. मालक म्हणाले, जागा नाही. अक्कांनी माळ्यावरची पोती काढून देते म्हटलं. मालक म्हणाले, वेळ जाईल. अक्का म्हणाल्या, तिसऱ्यांदा परत येण्यात काय कमी जातो? मालकांनी आठवडाभर विचार केला. मग एका सकाळी स्वतःच एक खुर्ची जिन्यावरून वर आणली, फिरती, पाठीला मऊ, आणि म्हणाले, "उभं राहून काम करू नका. एक तुमच्यासाठी पण येतेय."

पहिल्या शुक्रवारी एक म्हातारा शिंपी आला. खोक्यावरचा नंबर पाचशे दोन. चिठ्ठीत लिहिलं होतं, "कवळी पुढून निसटते." अक्कांनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "जेवताना निसटते का?"

"नाही."

"बोलताना?"

"नाही हो. सांगायला लाज वाटते." त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "टाका घातला की मी दातांनी धागा तोडतो. चाळीस वर्षांची सवय आहे. सुना म्हणतात, कात्री घ्या. हातात कपडा असतो, सुई असते, कात्री कशानं धरू?"

"खरंय," अक्का म्हणाल्या. "कुठल्या बाजूनं तोडता?"

शिंप्यानं नवलानं त्यांच्याकडे पाहिलं. "डावीकडून."

"धागा आणलाय?"

त्यानं खिशातून रीळ काढलं. अक्कांनी आपली खुर्ची त्याच्या जवळ ओढली, दिवा त्याच्या तोंडाकडे वळवला आणि पेन्सिल हातात घेतली.

"तोडून दाखवा," त्या म्हणाल्या.